जाळ्यातलं भोक

बुरेलाच्या धक्क्यावर पहाटे आम्ही पाचजणी बसतो
पाय लांब सोडून, जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून.
भोक डोळ्यांना दिसत नाही.
ते हाताला कळतं.
जाळं ओढत राहायचं, ओढत राहायचं,
आणि एका जागी बोटं एकदम रिकामी पडतात.
तिथं.
लगेच निळी सुतळी बांधायची, नाहीतर हरवतं.

एकतीस वर्षं मी तिथं, तिथं म्हणत आले.
आता माझ्याच उजव्या हातात काहीतरी उसवलंय
आणि कुठं, ते कुणाला सांगता येत नाही.

लुगोच्या डॉक्टरीणबाई भल्या आहेत, तरुण आहेत.
कोपरापासून मनगटापर्यंत त्यांनी सुया टोचल्या,
पडद्यावर रेघ उमटली
वारा नसलेल्या दिवशीच्या समुद्रासारखी.
म्हणाल्या, मज्जातंतू ठीक दिसतोय.
तंतू म्हटल्यावर मला उगाच बरं वाटलं.
धागा असेल तर गाठ मारता येते.

त्यांच्या आधीचे म्हणाले होते, अंगठ्याच्या मुळाशी कंडरा सुजलीय.
त्यांच्या आधीचे म्हणाले, मान.
सगळ्यात पहिले चष्मा पुसत म्हणाले, वय.
तेव्हा मी सत्तेचाळीसची होते.

शून्य ते दहा, किती दुखतं?

काय सांगू बाई.
अंगठ्यातली कळ वेगळी, ती बरणी उघडताना येते.
करंगळीतल्या मुंग्या वेगळ्या, त्या काहीच करत नसताना.
कोपरातून चमक निघते ती तिसरीच.
आणि रात्री तीनला जो ठणका लागतो
तो हातभर फिरत राहतो,
किल्ली हरवलेला माणूस सगळ्या गल्लीची दारं ढकलून पाहतो, तसा.
या सगळ्यांची बेरीज करायची की वजाबाकी?
मी म्हणाले, सहा.
त्यांनी सहा लिहून घेतलं.

विम्याचा माणूस आला होता, नवे बूट घालून.
घरी भांडी कोण घासतं?
मी.
बटाटे कोण सोलतं?
मीच की.
त्याने मान डोलावली, गळाला मासा लागल्यासारखी.
घरकामाने झालेलं दुखणं, असा शिक्का बसला.
दिवसाला हजार गाठी, एकतीस वर्षं,
आणि खापर बटाट्यांवर.

ओब्दुलियाने द्राक्षाच्या दारूत सताप भिजवून बाटली दिली,
चोळायला.
तिच्या आईचा हातही असाच गेला म्हणे,
कुणी कागदावर लिहिलं नाही एवढंच.
निम्मी बाटली मी चोळली, निम्मी प्यायले.
झोप लागली. हात जागाच होता.

हल्ली डाव्या हाताने सुई चालवते.
परवा ओब्दुलिया जाळं उलगडता उलगडता थांबली,
हे तुझं ना? गाठ उलटी पडलीय.
धरेल का? मी विचारलं.
तिने दोन्ही हातांनी ओढून पाहिली, जोर लावून.
धरतेय, म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता पुढे सरकली.

ब्रेइशो बोटीवरून फोन करतो, आयर्लंडच्या खालून कुठूनतरी.
हात कसाय?
आहे जागेवर, मी म्हणते.
त्याच्या बोटीचं जाळं मीच शिवलंय, चांगल्या हाताने.
हे त्याला सांगत नाही.

आता कोरुन्याच्या दवाखान्यातली तारीख मिळालीय,
अकरा मार्च, चौदा महिन्यांनी.
तोवर रोज रात्री दिवा घालवून
उजवा हात मांडीवर घेते
आणि डाव्या बोटांनी कोपरापासून खाली ओढत येते,
सावकाश, जाळं तपासावं तशी.
मनगटाच्या चार बोटं वर काहीतरी अडतं.
तिथं पेनाने फुली मारते.
सुतळी बांधली तर डॉक्टर हसतील.

आंघोळीत फुली पुसते. दुसऱ्या रात्री पुन्हा शोधते.
काल ती दोन बोटं खाली होती.