माया न ठेवता

वीस वर्षं ब्लाउज शिवले,
कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत,
दहा बाय बाराच्या गाळ्यात.
शिवणीत आत बोटभर माया ठेवायची,
आईने शिकवलेली पहिली गोष्ट.
बाई भरते, बाई उतरते,
लग्नातला ब्लाउज बारशाला
उसवून घालता आला पाहिजे.

मग ऐरोलीच्या दवाखान्यातून लोबो मॅडम आल्या.
पिशवीत अंगाच्या रंगाचं ताणणारं कापड.
म्हणाल्या, मापापेक्षा लहान शिवायचं,
दहा सेंटीमीटरला नऊ.
शिवण बाहेरच्या अंगाला,
आत धाग्याची गाठसुद्धा नको.
आणि माया?
माया अजिबात नाही.

मी हसले. त्यांना शिवणातलं कळत नव्हतं,
त्या नुसत्या बघत राहिल्या.

भाजलेल्या जागी नवी येणारी कातडी, त्या सांगत होत्या,
घाबरल्यासारखी वाढते.
जखम भरली तरी थांबत नाही,
दोरासारखी फुगते, सांधा ओढून धरते.
तिला वरून कुणीतरी सतत
दाबून सांगावं लागतं: पुरे, आता पुरे.
दिवसाचे तेवीस तास.
वर्षभर. दीड वर्ष. कुणाकुणाला दोन.

कुंदा केणी, रबाळे. पोळीभाजी केंद्र. उलटलेली कढई.
उजवा हात, मानेची एक बाजू.
पहिल्यांदा टेप टेकवला तेव्हा
तिने श्वास धरला, आणि मीही.
वांग्याच्या सालीसारखा जांभळा, चकचकीत व्रण.
मनगट सोळा. त्याच्यावर चार बोटं, एकोणीस.
कोपर वाकेना, तिथलं माप दोनदा घेतलं.

शार्दूल, वय नऊ, दिघा.
पतंग काढायला गच्चीवर चढला, वर तार होती.
त्याचं माप दर तीन महिन्यांनी नवं,
कारण पोरगं वाढतं
आणि व्रण वाढत नाही.
खांदा उंच व्हायला बघतो,
काखेतला पट्टा त्याला खाली बसवतो.
पुन्हा ऑपरेशन, पुन्हा पट्ट्या, पुन्हा माझा गाळा.
काकू, या वेळी निळा शिवा ना.
निळं कापड मिळत नाही.
गळ्याला बाहेरून निळ्या दोऱ्याची एक ओळ घातली,
मॅडमना न विचारता.

रात्री साडेअकराला कुंदाचा फोन.
खाजतंय गं, वेड लागायची पाळी आलीय, काढू का?
काढू नको. वरूनच थापट.
मी टेलर. मला काय कळतं त्यातलं?
पण फोन चालू ठेवला,
तिकडून थापटण्याचा आवाज येत होता,
मागे ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कंटेनर.

उरलेला एक तास अंघोळीचा आणि मलमाचा.
अंगठ्याने गोल गोल, जागा पांढरी पडेपर्यंत दाबायचं,
सोडायचं, रंग परत येतो का बघायचं.
तिच्या नवऱ्याने पहिले दोन महिने
तोंड फिरवून चोळलं.
आता क्रिकेट बघत चोळतो,
चौकार गेला की जरा जोरात.
तेवढ्यात बाही धुऊन सावलीत सुकत असते,
दोरीवर लटकलेला एक रिकामा हात.

माझ्याही पोटावर आडवी शिवण आहे, सव्वीस वर्षांची.
मोठी वाटी ठेवली की अजून ओढते.
तिची काळजी घ्यायची असते
हे मला या वहीने सांगितलं, फार उशिरा.

एकोणीस महिन्यांनी कुंदाचं माप
लागोपाठ दोनदा तेच आलं.
व्रण फिका, मऊ, चुरगळलेल्या मलमलीसारखा.
मॅडम म्हणाल्या, थांबवू या. पण उन्हात झाकायचा, विसरायचं नाही.
पंधरा दिवस ती बिचकत होती,
हात उघडा ठेवून झोप लागेना म्हणे.

परवा पुतणीच्या हळदीसाठी कापड घेऊन आली, लिंबू रंगाचं.
बाही?
आखूड, ती म्हणाली, नि लगेच, संध्याकाळचं आहे कार्य.
मी टेप धरला,
दंड पंचवीस.
सवयीने हाताने साडेबावीस लिहिलं.

खोडलं.
बोटभर धरून
पुन्हा लिहिलं.