सामान

सानपाड्याला, दुसऱ्या मजल्यावर,
भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढून ठेवलेली खोली.
मी पंधरा शब्द वाचते: किल्ली, लिंबू, शिडी, चष्मा…
काथोड म्हात्रे, वय एकाहत्तर, घणसोली,
चार सांगतात. मग तळहात चोळत बसतात.

पुढच्या आठवड्यात मी म्हणते,
शब्द पाठ करू नका, ठेवा.
पायाखालची असेल अशा एखाद्या वाटेवर.
ते डोळे मिटतात आणि खारीवर निघतात,
सिडकोची नोटीस यायच्या आधीच्या.
लिंबू उघाडीच्या फळीवर. शिडी चिंचेला.
चष्मा बांधावर, पण खेकड्याच्या बिळापासून लांब,
"आतमदी नको जावाला."

चौदा.

पडद्यावर मेंदूत उजेड पडतो
नेमका तिथेच, जिथे मी अनुदानाच्या अर्जात लिहिला होता.
मी खूश होते. खरंच होते.

आठवण डबा उघडला की सादळते,
पुन्हा कडक होताना
त्या क्षणाची हवा थोडी आत घेते.
हे मीच शिकवते, दर जुलैत, नव्या मुलांना.

सहाव्या खेपेला शिडी लिफ्टशेजारी.
आणि चिंच?
"चिच व्हती क?"
तक्त्यात याला रकाना नाही.
पंधरापैकी पंधरा.

शेवटच्या दिवशी सही केली, मानधनाचं पाकीट
न मोजता खिशात घातलं, दारात थांबले.
"बाय, तुमचा सामान उचला आता तिथून.
आवनी जवल आयली."

मी हो म्हटलं.
लिंबापासून सुरुवात करावी म्हणते.