ओहोटी चुकली आहे

सोहारला आमच्या इमारतीत पाणी टँकरनं येतं
आणि मी समुद्रावरचा गेम लिहिते.
हसा.
मूळची मी सांगोल्याची,
समुद्र पाहिला तो सव्विसाव्या वर्षी, विमानाच्या खिडकीतून,
तेव्हा वाटलं, कुणीतरी निळा कागद नीट न ताणता चिकटवलाय.

नवरा भट्टीवर रात्रपाळीला.
डबा धुऊन ओट्यावर पालथा.
जेवणाच्या टेबलाशी बसून मी
वाळूत रुतलेल्या एका गलबतावरच्या
वायरलेसवाल्याला वाक्यं पुरवते.
तो बोलतो, खेळणारा वाचतो,
मध्येच एखादं कुलूप लागतं, एखादं कोडं.

चित्रं मौझाची.
तिला माणसांचे हात जमत नाहीत,
म्हणून आमच्या कथेत सगळ्यांचे हात खिशात
नाहीतर पाठीमागं.
एका शहाण्यानं लिहिलं,
'प्रत्येक जण काहीतरी लपवतोय, केवढं सूचक!'
मौझा आठवडाभर टेचात होती.

तीन प्रकरणं झाली आणि आम्ही तेवढंच विकायला काढलं.
नणंद फोनवर म्हणाली, अर्ध्या हळकुंडानं…
पुढचं तिनं गिळलं.
मी ऐकलं.

मग माणसं आली.
रोवेना, इस्पितळातली, दोन ड्यूट्यांच्या मधल्या तासात खेळते.
म्हणते, तुझा वायरलेसवाला फार बडबडतो,
पण तो गप्प झाला की मला करमत नाही.
कुणी पैसे परत मागितले.
कुणी शुद्धलेखनाच्या सत्तावीस चुका क्रमांक घालून धाडल्या,
त्यातली अठरावी त्याची स्वतःची.
कुणाला प्रेमप्रकरण हवं होतं, कुणाला मांजर.
मांजर घातली.

पण भरतीचं कोडं सगळ्यांना आवडलं.
एक घड्याळ, एक काठी, आकाशात अर्धा चंद्र,
पाणी पार तळाला कधी जाईल ते सांगा,
तेव्हाच गलबताच्या पोटातलं दार उघडतं.
अंगठीत खडा बसावा तसं बसलंय, म्हणाले.
मी ते वाक्य तीनदा वाचलं.
नवऱ्याला उठवून वाचून दाखवलं.

आणि मग खमीस.
बंदरात टगवर कप्तान, एकोणतीस वर्षं.
पुतणीनं त्याला फोनवर गेम लावून दिला होता.
त्यानं एकच ओळ पाठवली:
ओहोटी चुकली आहे.

राग आला. खोटं कशाला बोलू.
तरी पुढच्या अष्टमीला मौझाची गाडी काढून
किनाऱ्यावर गेलो, झाडूचा दांडा घेऊन.
वाळूत रोवला. बसलो.
पाणी थोडं मागं गेलं,
जसं कुणी उठतो म्हणून उठतच नाही,
आणि तिथंच रेंगाळलं.
तीन तास.
मौझाचं शवरमा संपलं, माझंही.
अर्ध्या चंद्राला समुद्र अंग काढून घेतो,
ना भरती भरतीसारखी, ना ओहोटी.
आमच्या मजल्यावरच्या देवगडच्या पेडणेकरबाई म्हणाल्या,
अगो, ह्याला भांग म्हणतात.
माझ्याच भाषेतला शब्द,
आणि मला तो परदेशात, जिन्यावर मिळाला.

कोडं खरं केलं.
आता ते दार उघडत नाही.
अमावास्येपर्यंत, सात दिवस,
खेळणाऱ्याला रुतलेल्या गलबतावर थांबावं लागतं,
वायरलेसवाल्यासोबत, मांजरासोबत,
आणि दूरवर उभ्या एका टगच्या कप्तानासोबत,
जो रोज रात्री दिव्यानं विचारतो: अजून आहात ना?
चौथं प्रकरण असं झालं,
मला सुचलं नव्हतं, पाण्यानं अडवलं म्हणून.

ज्यांनी आधी सोडवलं होतं ते चिडले.
आमचं उत्तर बरोबर होतं, तू समुद्र बदललास.
रोवेनानं लिहिलं, सात दिवस फार आहेत.
दुसऱ्या दिवशी लिहिलं, पाचवा चालू आहे, घाई नाही.

काल खमीसची दुसरी ओळ आली.
पाणी आता बरोबर.
पण दोर धरणाऱ्या माणसाचे हात खिशात नसतात.

मौझा बंदरावर गेली आहे, वही घेऊन.
येताना टँकरवाल्याला फोन कर म्हणालेय.