बाहीचा कागद

पोलक्याचा खाका वर्तमानपत्रावर कापलेला,
अण्णांच्या हातचा, मुंढ्यापाशी पिवळा पडलेला.
बाहीवर रावेरच्या केळीचा भाव,
त्या साली क्विंटलला किती, तो आकडा
नेमका टकमध्ये गेलाय.

हर्षलाला हाच पाहिजे. फुग्याची बाही, बंद गळा,
मागे कापडी बटणं नऊ.
"पन बटनं पुढे लाव, मावशी,
मांगून लावाले कोन शे घरमा?
आनि माले खिसा पाहिजे."
ती अमळनेरात विजेचे मीटर वाचते,
दिवसभर हात डोक्याच्या वर.

कागद तिच्या खांद्यावर धरला.
तिने हात उचलला, तो काखेत टरकला.
अण्णांनी ज्या बाईसाठी कापला
तिला फडताळावरचं काही काढावं लागत नसावं.
की लागायचं, उसवायचं,
आणि ती बोलायची नाही?

मुंढा थोडा वर घेतला, काखेत कळी,
खिसा टॉर्चच्या मापाचा.
शिवणीत बोटभर माया ठेव, म्हणायचे अण्णा.
जुन्या खाक्यात शोधली,
अर्ध्या बोटाचीही नव्हती.
कापड महाग होतं तेव्हा.

मी दीड बोट ठेवली.
नवा खाका कालच्या पेपरवर कापला,
बाहीवर शब्दकोडं आलं,
कुणीतरी अर्धवट सोडवलेलं.