येणे बाकी

आमच्या गावात बेंझिन औषधाच्या दुकानात मिळायचं,
तळहाताएवढ्या बाटलीत, बुचावर मेण लावून.
पाद्रीबुवांच्या झग्यावरचा डाग,
नोटरीबाईंचे पांढरे हातमोजे,
वर्षाला चार बाटल्या खपल्या तरी डोक्यावरून पाणी.

त्या जूनमध्ये प्रागहून पत्र आलं:
मोटारींची शर्यत तुमच्या गावावरून जाईल.
कोंबड्या कोंडाव्यात, कुत्री बांधावीत,
मुलांना शक्यतो घरात ठेवावं.
आपोलेनाबाईंनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला,
आणि बेंझिनचे सहा डबे मागवले.
नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती.
पाटीवर अजून त्याचंच नाव होतं.

मी तेव्हा अकरा वर्षांची, बाटल्या धुणारी.
त्या दिवशी माझ्याकडे नरसाळं.

आधी आवाज आला, टेकडीपलीकडे कुणी
पत्र्याचं कोठार बडवतंय असा.
मग धूळ.
मग धुळीतून गाडी, तिला ना दार ना टप,
वर दोन माणसं, तोंडं इतकी काळी
की काउंट कोण नि नोकर कोण, कळायला मार्ग नव्हता.
बोलल्यावर कळलं.

काउंट म्हणाला, "लवकर!"
दुसरा काहीच म्हणाला नाही. उतरला, टोपण फिरवलं,
डाव्या हातानं दाखवलं: नरसाळं इथं.
उजवा जाकिटात लपवलेला.

बाईंच्या नजरेतून काय सुटतंय?
हात बाहेर काढायला लावला.
रेडिएटरच्या वाफेनं सोललेला, बोटांपासून मनगटापर्यंत.
जवसाचं तेल, चुन्याची निवळी,
दुधासारखं दिसेतो बाटली हलवली,
पट्टी भिजवली, बांधली. काउंट घड्याळ बघत होता.
बाईंनी वही उघडली.
"नाव?"
"सात नंबरची गाडी."
"गाडीला भाजलेलं नाही. नाव सांग."
तो हसला. तेवढे दात पांढरे.
"त्सिरिल ह्लावाच. पैसे उद्या, परतीच्या वाटेवर."

गावाबाहेर लिंडनच्या झाडापाशी वळण आहे.
तिथं दोरी तोडून एक शेळी आडवी आली.

वर्तमानपत्रात काउंटांच्या खांद्याच्या हाडावर
अख्खा रकाना होता. गाडीची अश्वशक्ती होती,
टायर कुठल्या कारखान्याचे, तेही होतं.
शेवटी एक ओळ: मेकॅनिक जागीच ठार.
शेळीवाल्याला आठ दिवसांत चौदा क्रोन पोचले,
राजमुद्रेसारखा ठसा असलेल्या पाकिटातून.

वहीत मात्र लिहिलेलं होतं,
खोकल्याच्या औषधाखाली, जळवांच्या वर:
ह्लावाच त्सिरिल, भाजल्याचं तेल, चाळीस हेलर. येणे.

डिसेंबरात बाई उधाऱ्या निकाली काढत.
मेलेल्यांच्या नावावर तिरपी रेघ.
त्याच्या नावाशी टाक थांबला,
शाई टाकाच्या टोकाशी गोळा होत गेली,
आणि त्यांनी नव्या पानावर लिहिलं:
मागील पानावरून पुढे.

दर वर्षी. युद्धात दुकानात
पट्ट्यांचं कापड उरलं नाही तेव्हाही.
भिंतीवरून सम्राट उतरला, नाण्यावरून उतरला,
चाळीस हेलरांत काडेपेटीही येईना,
तरी मागील पानावरून पुढे.
मी एकदा विचारलं, बाई, हे कशासाठी?
म्हणाल्या, अक्षर नीट काढ, गिचमिड करू नकोस.
तेव्हा वही माझ्याकडे आली होती.

आता दुकानासमोर पंप आहे, लाल, डोक्यावर काचेचा गोळा.
पोरं हॉर्न वाजवतात, उतरतही नाहीत.
मी नळी लावते नि नाव विचारते.
पेट्रोलला नाव कशाला लागतं, आजी?
म्हातारी भोचक आहे, असं एकमेकांत बोलतात.
सांगतात मात्र.