पात्याला पाणी

तिलबहादूर दसऱ्याला गावी गेला
तेव्हा मी त्याच्याकडे काहीच मागितलं नव्हतं.
रात्री दोनला त्याची शिट्टी आमच्या बोळात यायची,
मागच्या कारखान्यात माग खडखडत असायचे
आणि माझ्या सुपात अजून दोनशे बिड्या बाकी.
अर्धा कप चहा मी उंबऱ्यावर ठेवायची.
तो म्हणायचा, दिदी, साखर जास्त.
बारा वर्षांत एवढंच बोलणं.

दिवाळीनंतर आला तो स्वेटरात काहीतरी गुंडाळून.
खुकुरी, म्हणाला. काकाच्या भट्टीतली.
तेव्हा कळलं, हा लोहाराचा.
तिकडे म्हणे त्यांच्या हातचं पाणी अजून कुणाकुणाला चालत नाही,
आणि इथे टँकरवरून कितीदा
त्यानंच माझी घागर भरून आणलेली.

म्यान म्हशीच्या कातड्याचं, मोहरीच्या तेलाचा वास.
म्यानाच्या पाठीला आणखी दोन पिल्लं:
एक इवलं पातं,
एक बोथट, गारगोटीवर ठिणगी पाडायला.
मी म्हटलं, माझ्याकडे काडेपेटीचा पुडा आहे की.
तो हसला. त्याला सोन्याचा दात आहे.

मुठीजवळच्या खाचेचं विचारलं,
तर कोणी गाईचं खूर म्हणतं, कोणी त्रिशूळ.
काका म्हणतो, विचारायचं नाही, करायची.

आणि पोलाद?
ट्रकचा कमानपट्टा, दिदी. भंगारात येतो, तुमच्याकडूनच.

मी पातं उजेडात फिरवलं.
कमानपट्ट्यावर गाडीचा नंबर नसतो.
आमचे हे सिमेंट घेऊन हैदराबाद रोडला लागले
त्याला आता नऊ वर्षं.
गाडीही सापडली नाही. मालकाला विमा मिळाला.
मी कुंकू लावते,
ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

पाणी कसं देतात ते त्यानं हातानं करून दाखवलं.
लालभडक पातं धरायचं,
किटलीच्या तोटीनं नुसत्या कडेवर पाणी सोडायचं, बारीक.
पाठ मऊच ठेवायची, नाहीतर घावाला मोडते.
धारेनंच धार.
आमचा नळ पाचव्या दिवशी येतो.
मी माझ्या चेपलेल्या किटलीकडे बघत राहिले.

तीन आठवडे ती ट्रंकेत पडून होती.
मला माझी कात्री कळते:
फर्मा ठेवायचा, पान कापायचं, अंगठ्याला घट्टा.
हिला फर्मा नाही.

मग मंगळवार बाजारात भोपळा स्वस्त मिळाला,
आमच्या घरातला गुम्मडीकाय, चांगला चार किलोचा.
आख्खा भोपळा बाईनं फोडायचा नाही.
पहिली सुरी पुरुषाची.
नऊ वर्षं मी तो कडेवर घेऊन चिलकांच्या दारात जाते.
चिलका नसले तर त्यांचा नातू चालतो, सात वर्षांचा.
मुठीवर त्याचा हात,
त्याच्या हातावर माझा,
जोर माझाच.

त्या दिवशी चिलकांच्या दाराला कुलूप होतं
असं मी सांगते.
कुलूप नव्हतं.

पाट मांडला. भोपळा डुगडुगला, खाली फडकं लावलं.
तिचं सगळं वजन पुढे, पोटात.
उचलायला आपला जोर,
पडताना तिचा.
पहिला घाव घसरला, साल सोलून पाटात रुतला.
भिंतीपलीकडे कोणीतरी बोलायचं थांबलं.
दुसऱ्याला मी मनगट ढिलं सोडलं.

आत बिया होत्या.
ओल्या, दोऱ्यांत गुंतलेल्या,
दरवेळी असतात तशाच.

पातं पुसलं. मोहरीचं नव्हतं, शेंगांचं तेल लावलं.
बिया सुपाच्या कडेला वाळत घातल्या
आणि राहिलेल्या बिड्या वळायला बसले.

दोनला शिट्टी आली.
कपाशेजारी वाटीत भाजी ठेवली.
त्यानं उभ्यानंच खाल्ली,
बोटं चाटली,
म्हणाला, दिदी, मीठ कमी.