मधल्या खोलीतला प्लग

एकतीस वर्षं सातपूरला
मी स्विचचा आवाज तपासला.
टक्.
बरोबर असेल तर पुढे,
जरा जरी बोदा वाटला तर बाजूच्या पेटीत.
आता हा डबा, साबणाच्या वडीएवढा,
आवाजच करत नाही.
नुसता म्हणतो, दिव्यांची ओळख करून द्या.

ओळख अशी: बल्ब सहा वेळा चालू-बंद करायचा,
मग तो लुकलुकतो,
नव्या शाळेत उभं करून नाव विचारलेल्या पोरासारखा.
एकाला नाव दिलं हॉल.
दुसऱ्याला ओटा.
दाराच्या सेन्सरने तासभर दाद दिली नाही;
बॅटरीची प्लास्टिकची जीभ ओढायची राहिली होती.

हॉलमध्ये जुळलेला ओटा
स्वयंपाकघरात नेऊन लावला, तर मुका.
पवननगरची आमची घरं म्हणजे आगगाडीचे डबे,
एकामागे एक तीन खोल्या.
पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलेलं:
लांब निरोप पोचत नसेल तर
मध्ये सतत चालू राहणारं एक उपकरण ठेवा.
ते आपलं काम सांभाळून
दुसऱ्यांचे निरोपही पुढे देतं.

मी चष्मा काढला.
ही तर मंदाकिनी.

अडीच वर्षं कौस्तुभ आणि मी
तिच्यातूनच बोलतो.
त्याला सांग, सिलिंडरचा नंबर लावायचाय.
बाबांना सांग, लावलाय.
कणकेच्या हातांनी ती दारात उभी,
वाटेत शब्दांचे काटे काढत.
आणि आता पंधरा दिवस सिन्नरला,
बहिणीच्या गुडघ्यांपायी.

मधली खोली कौस्तुभची.
तो अंबडला रात्रपाळीला गेल्यावर आत शिरलो,
कपाटामागच्या सॉकेटला प्लग लावला.
खिडकीत माझाच जुना मल्टिमीटर,
त्याला नव्या वायरी.
ओटा लागला.

सकाळी ओटा गेला.
प्लग काढून त्याने मोबाइल लावला होता.
मी दारात उभा. सांगायला मध्ये कोणी नाही.
"तो प्लग," म्हटलं, "राहू दे तिथे.
त्यातून स्वयंपाकघराला जातं."
"काय जातं?"
"निरोप."
त्याने डोळे चोळले,
"झिगबी होय," म्हणाला,
आणि कूस बदलून झोपला.

संध्याकाळी दूध तापवायचं होतं.
सवयीने हॉलमधलं बटण दाबलं.
टक् नाही, काही नाही,
पण दोन खोल्यांपलीकडे ओट्यावर उजेड.
जाता जाता पाहिलं:
सॉकेटवर पांढरी चिकटपट्टी,
त्याच्या त्या तिरक्या, कधीच न सुधारलेल्या अक्षरात
काढू नये.

एवढ्यात सिन्नरचा फोन.
"जेवलात का?"
"दूध ठेवलंय."
"आणि तो?"
त्यालाच विचार, असं ओठांवर आलं होतं.
दूध वर येत होतं, गॅस बारीक केला.
"थांब," म्हटलं,
"विचारतो."